दुखावलेला ‘मी’ आणि धर्माचा झेंडा
(प्रस्तावना)

सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग पावसाच्या भरवशावर जगतो. त्या भागातल्या शहा-पंचाळे परिसरात ऑगस्ट २०२४ मध्ये, ऐन श्रावणात, गंगागिरी महाराजांच्या नावाने चालणारा अखंड हरिनाम सप्ताह भरला. गोदावरीतल्या सरला बेटाशी जोडलेली ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. अशा सप्ताहात गावोगावच्या घरांतून भाकरी गोळा होतात, आमटीच्या कढया चढतात आणि हजारोंच्या पंगती उठतात. ती भाकरी कुणी थापली हे खाणाऱ्याला ठाऊक नसते आणि थापणारीलाही त्याची फिकीर नसते. पहारेकरी बदलतात, पण वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. या हातातून त्या हातात जाताना ती कुणाच्या नावावर चढत नाही.

त्याच सप्ताहात सरला बेटाचे महंत रामगिरी महाराज यांनी प्रवचनात पैगंबरांविषयी काही उद्गार काढले. त्याची चित्रफीत मोबाइलवरून पसरली. येवला, वैजापूर आणि राज्यातल्या इतर ठिकाणी गुन्हे नोंदले गेले, मोर्चे निघाले, प्रतिमोर्चे निघाले. आपण बांगलादेशातील हिंदूंवरच्या अत्याचारांच्या संदर्भात बोललो, असे महंतांचे म्हणणे होते. बांगलादेशच्याच प्रश्नावर पुकारलेल्या बंदच्या दिवशी, १६ ऑगस्टला, नाशिक शहरात दोन गटांत दगडफेक झाली. नंतरचे बरेच दिवस सिन्नरपासून मुंबईपर्यंत लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारत राहिले: तू कुणाच्या बाजूचा?

त्या उद्गारांचा निवाडा करणे हे या प्रस्तावनेचे काम नाही, त्यासाठी न्यायालये आहेत. माझे लक्ष त्या मांडवापासून दूर बसलेल्या माणसाकडे आहे. त्याने ती तीस सेकंदांची चित्रफीत पाहिली आणि त्याच्या छातीत काहीतरी पेटले. एका बाजूचा माणूस म्हणाला, ‘आमचा अपमान झाला.’ दुसऱ्या बाजूचा म्हणाला, ‘आता कुठे आमच्या बाजूने कुणी बोलले.’ दोघांच्याही रोजच्या जगण्यात त्या चित्रफितीने तसूभर फरक पडला नव्हता. कांद्याचा भाव तोच होता, कारखान्यातले कंत्राटही तेच. तरीही दोघांना ती गोष्ट स्वतःच्या अंगावर घडल्यासारखी वाटली. हे असे का होते, हा या पुस्तिकेचा विषय आहे. मानसशास्त्रात ज्याला नार्सिसिझम म्हणतात, ती स्वतःच्या मोठेपणाची न भागणारी भूक, आणि धर्माच्या नावाने होणारा अतिरेक, या दोहोंचे नाते पुढच्या पानांत तपासले आहे. मी या भुकेला आत्मरती म्हणेन.

सुरुवातीलाच एक पथ्य. हा विषय हाती आला की वाचकाचा पहिला मोह असतो ओळखीच्या माणसांवर शिक्के मारण्याचा: अमुक बुवा आत्मरत, तमुक नेता आत्मरत. १९६४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने मानसोपचारतज्ज्ञांची मते मागवली आणि उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मनाने पदाला लायक नाहीत, असे शेकडो डॉक्टरांनी त्यांना न तपासताच लिहून दिले. गोल्डवॉटर यांनी खटला भरला आणि जिंकला. १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने नियम केला की, स्वतः न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचे निदान डॉक्टरने जाहीरपणे करू नये. डॉक्टरांना जे पथ्य, ते आपल्याला अधिकच लागू आहे. म्हणून या पुस्तिकेत कुणाही हयात व्यक्तीचे निदान नाही. इथे प्रवृत्तीचा विचार आहे, आणि ती प्रवृत्ती कमीअधिक प्रमाणात तुमच्या-माझ्यात असते, हे गृहीत धरूनच तो केला आहे.

फ्रॉइडने १९१४ मध्ये आत्मरतीवर स्वतंत्र निबंध लिहिला. तरी आपल्या कामाला जास्त उपयोगी पडतो तो हाइन्झ कोहूट. १९१३ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू डॉक्टर हिटलरच्या सत्तेमुळे देश सोडून गेला आणि पुढे शिकागोत स्थिरावला. धर्मवंशाच्या वेडाने एक अख्खे शहर कसे बदलते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. लहान मुलाला दोन गोष्टी लागतात. आपल्याकडे पाहून आईच्या डोळ्यांत आनंद उमटावा, ही एक. जिच्या आधाराने आपणही मोठे वाटू, अशी कुणीतरी समर्थ व्यक्ती जवळ असावी, ही दुसरी. या दोन्ही गरजा पुरेशा भागल्या तर मूल हळूहळू स्वतःच्या मर्यादा पचवायला शिकते. भागल्या नाहीत तर ते मोठे होते, पण आतली भूक तशीच राहते. मग माणूस आयुष्यभर आरसे शोधतो आणि कुणीतरी महान शोधतो.

धर्म या दोन्ही भुका भागवू शकतो, आणि त्यात वाईट काहीच नाही. विठ्ठलाला माउली म्हणणारा वारकरी, मशिदीत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा हमाल, माउंट मेरीला मेणबत्ती लावणारी कामवाली बाई यांना तिथे मायेची नजर मिळते आणि मोठ्याचा आधार मिळतो. कित्येक तुटलेली माणसे त्यावर तगली आहेत. धर्माला शिव्या देणाऱ्यांसाठी ही पुस्तिका लिहिलेली नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

बिघाड होतो तो दुखावल्यावर. कोहूटने १९७२ मध्ये आत्मरतीतून येणाऱ्या संतापावर जो निबंध लिहिला, तो या विषयाचा कणा मानावा असा आहे. साधा राग आणि हा संताप यांत जातीचा फरक आहे. बांधावरून दोन भावांचे भांडण होते, मोजणी होते, दगड रोवला जातो आणि राग उतरतो, कारण रागाला एक हेतू होता आणि तो पुरा झाला. आत्मरतीच्या संतापाला असा दगड सापडत नाही. समोरच्याने माफी मागितली तरी पुरत नाही, शिक्षा झाली तरी पुरत नाही. त्याचे निव्वळ असणेच सहन होत नाही, कारण त्याच्या असण्याने ‘मी’ तितका मोठा नसल्याची आठवण रोज होते. धर्माच्या नावाने होणाऱ्या हिंसेत दिसणारे क्रौर्य अनेकदा या जातीचे असते. प्रेताची विटंबना, जाळलेल्या घरासमोर काढलेले फोटो, वृद्धाला मारताना केलेले चित्रण हे कुठलीही मागणी पदरात पाडून घेण्यासाठी नसते.

इथे एका लोकप्रिय समजुतीला हात घालावा लागतो. आत्मविश्वास नसलेली माणसे हिंसक होतात, असे आपण शाळेपासून ऐकतो. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या समजुतीला पुराव्यानिशी आव्हान दिले. धोका असतो तो स्वतःविषयीच्या फुगवलेल्या आणि डळमळीत प्रतिमेला धक्का बसतो तेव्हा. दोन वर्षांनी ब्रॅड बुशमन यांच्यासोबत त्यांनी प्रयोग केला. विद्यार्थ्यांना निबंध लिहायला लावला आणि नंतर तो अगदी टाकाऊ असल्याचा शेरा दिला. पुढच्या खेळात शेरा देणाऱ्याला कर्कश आवाजाचा त्रास देण्याची मुभा होती. आत्मरतीच्या चाचणीत वरचे गुण असलेल्यांनी सर्वांत जास्त त्रास दिला. साध्या स्वाभिमानाचा मात्र अशा आक्रमकतेशी संबंध दिसला नाही. स्वाभिमान आणि आत्मरती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने मला तरी पक्के पटवले.

ही प्रतिमा फुगते कुठे? घरात. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या सात ते बारा वर्षांच्या मुलांचा काही काळ पाठपुरावा करून २०१५ मध्ये जे मांडले, ते आपल्याकडच्या प्रत्येक आईबापाने वाचावे. ‘तू इतरांपेक्षा खास आहेस, तुला जास्त मिळायलाच हवे’ असे आईवडिलांना वाटत असेल, तर मुलात आत्मरती वाढते. आईवडील माया करत असतील, जवळ घेत असतील, तर मुलात स्वाभिमान वाढतो. खास मानणे आणि माया करणे या दोन क्रियांमधून दोन वेगळी माणसे घडतात. आपल्या घरांत मुलगा झाला की वंशाचा दिवा म्हणून पेढे वाटतात. बहिणीच्या ताटातले त्याच्या ताटात जाते. दहावीपर्यंत तो राजा असतो. मग पोलीस भरतीचे मैदान, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, माळेगाव किंवा मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीतले रोजंदारीचे काम आणि ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नावर मोडणारे लग्न असे सगळे एकामागून एक येते. राजा म्हणून वाढवलेला मुलगा पंचविशीत स्वतःच्याच गावात नकोसा होतो. मायेचे शब्द त्याला क्वचित मिळालेले असतात, आणि मोठेपणाचे आश्वासन मात्र मिळालेले असते. अशा मुलाला कुणी सांगितले की, तू साधासुधा नाहीस, तू एका महान परंपरेचा सैनिक आहेस आणि तुझी ही अवस्था ‘त्यांच्या’मुळे झाली, तर ते त्याला खरे वाटणे अवघड नाही.

मेरीलँड विद्यापीठातले आरी क्रुग्लान्स्की यालाच ‘स्वतःच्या महत्त्वाचा शोध’ म्हणतात. आपण कुणीतरी आहोत, आपल्याला किंमत आहे, ही जाणीव हरवली की माणूस ती परत मिळवायला निघतो, आणि हिंसेचा रस्ता दाखवणारी कथा व तो रस्ता चालणारे सोबती भेटले तर तिकडे वळतो. श्रीलंकेत शरण आलेल्या एलटीटीईच्या लढवय्यांचा त्यांच्या गटाने अभ्यास केला. पुनर्वसन केंद्रात कसब शिकलेल्या, मानाने वागवलेल्या आणि त्यामुळे स्वतःची किंमत पुन्हा जाणवलेल्या माणसांत अतिरेकी मते कमी झालेली आढळली. एलटीटीई ही धार्मिक संघटना नव्हती. तरी मनाची चाल तीच.

आता व्यक्तीकडून समूहाकडे. एरिक फ्रॉम याने १९६४ मध्ये सामूहिक आत्मरतीची कल्पना मांडली: दरिद्री माणसाला स्वतःविषयी फुशारकी मारायला काही उरत नाही, तेव्हा तो आपल्या जमातीविषयी फुशारकी मारतो, आणि ती कुणालाही वेडेपणाची वाटत नाही, कारण भोवतालचे सगळे तेच बोलत असतात. ‘मी जगातला सर्वश्रेष्ठ माणूस आहे’ असे चौकात ओरडणाऱ्याला लोक दवाखान्यात नेतील. ‘आम्ही जगातले सर्वश्रेष्ठ लोक आहोत’ असे ओरडणाऱ्याला हार घालतील. फ्रॉमचे हे निरीक्षण साठ वर्षांनंतरही तितकेच खरे आहे.

अग्निएश्का गोलेत्स दे झावाला या पोलिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ मध्ये या कल्पनेला मोजमाप दिले. त्यांचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे आपल्या समूहाविषयीच्या समाधानापासून त्यांनी ही आत्मरती वेगळी काढली. ‘मी या परंपरेतला आहे, मला त्यात बरे वाटते’ हे समाधान. ‘आमचे मोठेपण जगाने मानलेच पाहिजे आणि ते जाणूनबुजून मानले जात नाही’ ही सामूहिक आत्मरती. समाधानी माणसाला दुसऱ्यांचा द्वेष करण्याची गरज भासत नाही. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला अपमान शोधावा लागतो. चित्रपटात, पाठ्यपुस्तकात, मिरवणुकीच्या मार्गात, कुणाच्या जेवणाच्या ताटात तो अपमान शोधतो, आणि शोधणाऱ्याला तो सापडतोच. पुढच्या संशोधनात असेही दिसले की, सामूहिक आत्मरती आणि व्यक्तीचा स्वतःचा स्वाभिमान यांचे नाते उलटे आहे: समूहाविषयीचे समाधान बाजूला काढून पाहिले, तर ज्यांना स्वतःविषयी कमी बरे वाटते त्यांच्यात ती अधिक असते. आयुष्य आपल्या हातात नाही असे वाटले की ती वाढते. धर्मावरचे खरे प्रेम आणि हा आजार बाहेरून सारखेच दिसतात. एकच झेंडा, एकच घोषणा. आतले यंत्र मात्र वेगळे असते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विषयावरची सर्वांत जड फाइल नथुराम गोडसेची आहे, आणि तिला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९१० चा जन्म. आधीचे मुलगे दगावले म्हणून नवसापोटी याला नथ घालून मुलीसारखे वाढवले. लहानपणी तो कुलदेवीपुढे काजळाच्या डागाकडे टक लावून बसे, अंगात आल्यासारखा होई आणि घरच्यांच्या प्रश्नांना देवीच्या वतीने उत्तरे देई. पुढे मॅट्रिकला अपयश, शिवणकामाचे दुकान, मग संघटना आणि वर्तमानपत्र. आशिस नंदी यांनी गांधीहत्येवरच्या निबंधात या बालपणाचा विचार केला आहे. घरातला देव असलेला मुलगा बाहेर कुणीच नव्हता, असे लिहून मोकळे होण्याचा मोह इथे होतो. तो आवरावा. नथ घातलेली आणि नापास झालेली मुले त्या पिढीत हजारो होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कुणाचा खून केला नाही. नंदींचे खरे म्हणणे याहून अस्वस्थ करणारे आहे. गोडसे समाजाच्या कडेला फेकला गेलेला वेडा नव्हता. ज्या वर्गाला गांधींच्या राजकारणामुळे आपली जागा गेल्यासारखी वाटत होती, त्या वर्गाच्या मध्यभागातून तो आला होता.

या फाइलमधले एक पान मला नेहमी थांबवते. १९४९ मध्ये सिमल्याला अपिलाची सुनावणी झाली. गोडसेने स्वतःची बाजू स्वतः मांडली. अपील खुनाच्या शिक्षेविरुद्ध नव्हते, कट होता हे मात्र त्याला अमान्य होते. ते कृत्य एकट्याचे, फक्त आपले म्हणून नोंदले जावे, हा त्याचा आग्रह. तीन न्यायाधीशांपैकी एक, न्या. गोपालदास खोसला यांनी पुढे लिहून ठेवले की, त्या भाषणाने श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि त्या दिवशीच्या श्रोत्यांवर निकाल सोपवला असता तर तो निर्दोष सुटला असता. आरसा सापडला होता. हे लिहिताना मी पुन्हा सांगतो की, हे निदान नाही. पण ठार मारलेल्या वृद्धाबद्दल तास न् तास बोलणारा माणूस आणि त्याच्यासाठी रडणारी सभा या दोघांचा एकत्र विचार केल्याशिवाय अतिरेक समजत नाही. आणि त्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत निरपराध ब्राह्मणांची घरे जाळली गेली, हेही त्याच फाइलमध्ये लावायला हवे. एका माणसाचे पाप अख्ख्या जातीच्या माथी मारणारा जमाव त्याच आजाराने ग्रासलेला होता.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडले, आणि खरे सूत्रधार वेगळेच असून तपास त्यांच्यापर्यंत पोचला नाही असे नोंदवले. शिक्षा झालेल्या दोघांचे दाभोलकरांशी वैयक्तिक वैर नव्हते. अतिरेकी हिंसा इथे नेहमीच्या खुनापासून वेगळी होते. वैर उसने घेतलेले असते. ते देणारा कुणीतरी असतो. म्हणूनच आत्मरतीचा विचार एकट्या मारेकऱ्यापाशी थांबवला तर तो सूत्रधाराच्या सोयीचा ठरतो. जेरॉल्ड पोस्ट यांनी १९८६ मध्येच दाखवून दिले होते की, करिश्मा असलेला नेता आणि त्याचे अनुयायी एकमेकांच्या भुका भागवतात: नेत्याला पूजा लागते, अनुयायांना पूजावे असे कुणी लागते. त्याच पोस्ट यांनी आणि इतर अभ्यासकांनी हेही वारंवार सांगितले की, दहशतवादी बहुतांशी मनोरुग्ण नसतात. वेडे म्हणून त्यांना बाजूला सारले की आपला प्रश्न संपतो, म्हणून आपल्याला ते वेडे हवे असतात.

मुस्लिम समाजातही चाल हीच आहे. मे २०१४ मध्ये कल्याणमधले चार तरुण घरच्यांना न सांगता इराकला गेले, आयसिस या अतिरेकी संघटनेच्या ओढीने. शिकलेली, मध्यमवर्गीय घरांतली मुले होती ती. अतिरेक गरिबीतूनच येतो, हा आपला आवडता सिद्धान्त तिथे मोडतो. आणि त्याच समाजाने चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हमीद दलवाई दिला. १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन त्याने मुंबईत विधानभवनावर तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा नेला. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. आपल्याच माणसांना आरसा दाखवणाऱ्याला किती एकटे पडावे लागते, हे दलवाईंच्या चरित्रात पाहावे. सामूहिक आत्मरतीला बाहेरच्या शत्रूपेक्षा आतला टीकाकार जास्त खुपतो.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दुखावलेपणाला आजार म्हटले की खऱ्या अन्यायाचे काय? ज्याला खरोखर तुडवले गेले, त्याच्या रागालाही तुम्ही आत्मरती म्हणणार का? याचे उत्तर सिन्नरपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. गावोगाव त्यांच्यावर बहिष्कार आला. याहून मोठा अपमान कोणता असेल? तरीही त्या हजारो माणसांची मागणी ऐका: आम्हाला इतरांइतके माना. इतरांपेक्षा मोठे माना, असे कुणी म्हणाले नाही. दारे उघडली नाहीत तेव्हा त्यांनी दारे जाळली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि त्यानंतर एकवीस वर्षे वाचन, विचार आणि तुलना करून १९५६ मध्ये नागपूरला बुद्धाचा धम्म घेतला. जखम खरी असलेला माणूस काय करू शकतो, याची इतकी मोठी उदाहरणे जगात थोडी. बरोबरी मागणारा राग आणि वरचढपणा मागणारा राग यांतला फरक काळारामच्या दाराशी मला जितका स्पष्ट दिसतो, तितका तो कुठल्याही प्रश्नावलीत दिसत नाही. पुढची सगळी पाने वाचताना ही कसोटी हाताशी ठेवावी.

आपल्या परंपरेला हा आजार अपरिचित नव्हता. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांची जी लांबलचक मांडणी आहे, तिची सुरुवातच अमानित्वाने होते. मानाचे ओझे वाटणे, आपली थोरवी लपवणे, हे ज्ञानाचे पहिले लक्षण. मग दंभ नसणे. अहिंसा त्यानंतर. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. गाडगे महाराजांनी कुणाला शिष्य केले नाही, पायाला हात लावू दिला नाही. नाशिकला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, हजारो यात्रेकरू तिथे उतरले, पण तिच्यात त्यांनी स्वतःची गादी मांडली नाही. पूजा घ्यायला नकार देणारा संत अतिरेकाच्या यंत्राला काहीच देत नाही.

साधना करणाऱ्याचा ‘मी’ आपोआप विरघळतो, असे मात्र समजू नये. योहेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये योगवर्गातल्या आणि ध्यान करणाऱ्या लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरावानंतर त्यांचे स्वतःविषयीचे मत खाली येण्याऐवजी वर गेले. त्याच अभ्यासकांनी आधी दाखवले होते की, ‘माझ्याइतका परोपकारी कुणी नाही’ अशीही एक आत्मरती असते. सप्ताहाच्या मांडवातला वीणेकरी आणि व्यासपीठावरचा वक्ता या दोघांसमोरही हा धोका आहे, पण व्यासपीठावर तो जास्त आहे, कारण तिथे ध्वनिवर्धक असतो आणि हल्ली कॅमेराही.

कॅमेऱ्याचे नाव निघालेच आहे तर एवढे सांगून थांबतो. मन हे एकच कारण नाही. संघटना असतात, पैसा असतो, निवडणुका असतात, संताप पसरवला की जास्त वेळ खिळवून ठेवणारी मोबाइलची रचना असते. मानसशास्त्र एवढेच सांगते की, हे सगळे पेरले जाते ती जमीन कशी तयार होते. जमिनीचा विचार केला म्हणून पेरणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

ही पुस्तिका सिन्नर तालुक्यातल्या शिक्षकांनी, कीर्तनकारांनी, मौलानांनी, डॉक्टरांनी आणि वयात आलेल्या मुलांच्या आईवडिलांनी वाचावी, अशी इच्छा आहे. त्यातही कीर्तनकार आणि मौलाना यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्यासमोर बसलेल्या पोरांत कुणीतरी असा असतो, ज्याला आठवडाभरात कुणी नावाने हाक मारलेली नसते. त्याला शत्रूचे नाव देणे सोपे आहे, आणि ते दिले की टाळ्याही मिळतात. तुम्ही त्याला त्याच्या नावाने हाक मारा. त्याला काम सांगा, पंगतीत वाढायला उभे करा, वीणा त्याच्या हाती द्या, मशिदीतल्या लहान मुलांना शिकवायला बसवा. पुढच्या प्रकरणांतले सगळे संशोधन शेवटी याच कामाची शिफारस करते, आणि ते करायला कुठल्याही पदवीची गरज नाही.